उन्हाळ्याचा फळा

दुकानाबाहेर फळा लावलाय.
रुवीच्या उन्हात खडू ठिसूळ होतो, काने-मात्रा गळून पडतात.
संध्याकाळपर्यंत जेवढं वाचता येईल
तेवढं खरं धरा.

गुरुवारी रात्री आठला वाचन.
खुर्च्या चार. एक मोडकी आहे, ती माझी.
शनिवारी मुलांचा बाराखडीचा वर्ग.
मुलं सगळी गावी गेलीयत,
इरावती तेवढी उरली, तिच्या बापाची रजा अडकलीय.
ती ‘ळ’ काढते जीभ बाहेर काढून, कपाळाला आठ्या घालून.
शेजारचा शिंपी कुन्हालन मल्याळी,
त्यालाही ‘ळ’ येतो,
म्हणून तोही टेप गळ्यात टाकून येऊन बसतो.
पट दोनावर गेला.

लोक विचारतात, पेवेकर, काय वाचू?
मी आधी पारा बघतो.
चाळिसाच्या आत असेल तर कादंबरी, विटेएवढी जाड चालेल.
पंचेचाळिसाला कथा.
अठ्ठेचाळिसाच्या वर कविता, तीही एकच,
तीही पाण्याची बाटली मांडीला लावून.

रोझलिन डाबरे सिस्टरना रात्रपाळीसाठी पाककृतींचं पुस्तक दिलं.
पहाटे तीनला त्या भरल्या वांग्यांपर्यंत येतात
आणि पोटात असा खड्डा पडतो
की डोळा लागायची बिशाद नाही.

टायरवाले सोनवडेकर फक्त रहस्यकथा नेतात
आणि शेवटचं पान आधी वाचतात.
“काय होईल कळत नाही, हे व्हिसापुरतं पुरे झालं.”
जूनमध्ये मी त्यांना मुद्दाम
शेवटचं पान फाटलेली प्रत दिली.
तीन आठवडे माझ्याशी बोलले नाहीत.
समोरच्या फुटपाथवरून जायचे,
जिथं सावलीसुद्धा नाही.

दुपारी साडेबारा ते साडेतीन
उन्हात कामाला बंदी असते.
परातीवरची पोरं आत येतात, करीमनगरची, जनकपूरची,
बूट दाराशी ओळीनं.
एसीखाली लादीवर बसतात.
पहिल्या दिवशी मी विचारलं, काय हवंय?
काही नको, म्हणाले, आणि उठायला लागले.
म्हणून आता मी विचारत नाही.
हाताला येईल ते मोठ्यानं वाचतो, मराठीत.
त्यांना कळत नाही, हे मलाही कळतं.
आवाजाचं आपलं एक छप्पर होतं.
एकाला हटकून झोप लागते.
त्याच्यासाठी आवाज उतरवतो, थांबत मात्र नाही;
थांबलो की तो दचकून उठतो
आणि घड्याळ बघतो.

खप म्हणाल तर गेल्या उन्हाळ्यात अकरा पुस्तकं.
त्यातलं एक कार्गोवाल्यानं नेलं, टेबलाचा पाय टेकवायला.
परत देताना म्हणाला, मधला भाग बरा आहे.

गेल्या गुरुवारी कोणी नव्हतं.
मी शटर अर्धं ओढलं
तर खालून सोनवडेकरांच्या चपला दिसल्या.
वाकून आत आले, मोडक्या खुर्चीत बसले, माझ्याच,
आणि खिशातून टायरच्या पावत्या काढल्या, सात.
पाठीमागे बारीक अक्षरात शेवट लिहिलेला.
चष्मा पुसून वाचायला लागले.

खुनी सापडतच नाही.
इन्स्पेक्टरची रजा मंजूर होते
आणि तो गावी जातो.
विमान उतरताना त्याला खाली
आपल्या गल्लीतला नळ दिसतो,
नळाखाली कोणाची तरी कळशी, भरून वाहतेय.
पुढं काही नाही.

मी म्हटलं, विमानातून कळशी दिसत नाही, सोनवडेकर.
ते म्हणाले, तुम्ही किती वर्षांत गेला नाहीत?

मी पावत्या डिंकानं त्या प्रतीत चिकटवल्या.
प्रत खिडकीत ठेवलीय. विकायला नाही, वाचायला.
या गुरुवारी तीच वाचणार आहोत, पहिल्या पानापासून,
येताना खुर्ची आणा.

आणि हो, बाजारात रुतब आलाय,
सगळ्यांचे हात सध्या चिकट.
हात धुऊन या.
नाही धुतलेत तरी या,
पान पानाला चिकटलं की समजेन
कुठपर्यंत आलात.